सासूबाईंचा खोकला

सासऱ्यांना जुना मधुमेह. तळपायाची जखम मागच्या महिन्यात भरली, तरी सिस्टर दर आठवड्याला घरी येतात. बोटांच्या बेचक्या बघतात आणि शेवटी परीक्षा: बाबांनी डोळे मिटायचे, सिस्टर नायलॉनची बारीक काडी तळव्याला टेकवणार, कळलं की "हो" म्हणायचं.

बाबा दरवेळी पैकीच्या पैकी.

मला पटेना. बुटात माझ्या छोटीचा खेळण्यातला ठोकळा तसाच ठेवून हा माणूस बागेपर्यंत जाऊन आला, वर छोटीला कडेवर घेऊन. त्याला केसाएवढी काडी कळते?

आज सिस्टर पिशवीत काडी शोधत होत्या. बाबा डोळे मिटून तयार. शेजारी विणत बसलेल्या सासूबाई खोकल्या.

"हो," बाबा म्हणाले.

पुन्हा खोकल्या.

"हो. अंगठा."

मग उबळच आली. "हो, हो, हो... सिस्टर, जरा दमानं घ्या की."

"काका, काडी अजून पिशवीतच आहे."

बाबांनी एक डोळा उघडला. सासूबाई पदराने नाक पुसत म्हणाल्या, "मला खरंच सर्दी झालीय. सकाळपासून सांगतेय, ऐकतंय कोण?"

"कधीपासून चाललंय हे?" मी विचारलं.

"पहिल्या परीक्षेपासून," सासूबाईंनी सरळ सांगून टाकलं.

"अहो बाबा, पण का?"

"पाय बधिर आहेत म्हटल्यावर छोटीला दिलं असतंस माझ्याकडे? तिला पाळण्यात ठेवतानासुद्धा आधी दोऱ्या ओढून बघायचीस तू."

खोटं नव्हतं.

सासूबाईंची रवानगी स्वयंपाकघरात झाली आणि परीक्षा नव्याने सुरू झाली. दोन्ही अंगठ्यांखाली बाबांना काहीच कळलं नाही.

"बधिर पायाला कुणी घरात डांबत नाही, काका," सिस्टर म्हणाल्या. "पण लपवलंत, तर जखम कळेपर्यंत पाय जायची वेळ येते. घरातसुद्धा अनवाणी नाही. बुटात आधी हात फिरवायचा. आणि रोज रात्री तळवे कुणीतरी बघायचे."

"ही बघेल की," बाबांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं.

"त्या सोडून कुणीही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "आणि छोटी?"

मी सिस्टरकडे बघितलं. त्या मुद्दाम हात धुवायला गेल्या.

"कडेवर नाही," मी म्हटलं. "हात धरून चालवायची. बूट मी तपासणार."

"रोज?"

"रोज."

"जाताना?"

"आणि आल्यावरही."

बाबांनी मुकाट्याने बूट माझ्यापुढे सरकवले. आतून सासूबाई म्हणाल्या, "घ्या. यापेक्षा सिस्टर परवडल्या."