लिफ्ट सुरळीत चालू आहे

आईचे गुडघे गेलेले, घर सहाव्या मजल्यावर, पण मुलगा लिफ्ट दुरुस्त करणारा, म्हणून म्हातारी निर्धास्त होती. शेजारणींना ती ऐकवायची, तुमची मुलं असतील मोठी साहेब, पण अडला हरी माझ्याच पोराचे पाय धरतो. म्हणीत हरी नेमके कोणाचे पाय धरतो, हे मुलाने तिला कधी सांगितलं नाही.

मुलाला कामावर सगळे उस्ताद म्हणत. आज त्याने मुद्दाम रजा घेतली होती. मावशी, म्हणजे आईची थोरली बहीण, कायमची लेकीकडे परदेशी चालली होती. विमानतळावर जाताना तिची गाडी इमारतीखाली जरा वेळ थांबणार होती. मावशी काठी टेकत चालणारी, तिला जिना चढणं शक्य नव्हतं. ही शेवटची भेट आहे हे दोघींना ठाऊक होतं आणि दोघींनीही ते बोलून दाखवलं नव्हतं.

आणि नेमकी कालपासून लिफ्टची दारं उघडेनात.

उस्तादला आवाजावरूनच कळलं, दाराचा पट्टा सरकलाय. चहा गार व्हायच्या आत होणारं काम. पण त्यासाठी आधी लिफ्ट थांबवून दार मोकळं करायचं, आणि त्या दोन्हीच्या कळा आईच्या दाराशेजारच्या लोखंडी कपाटात. पूर्वी त्याची किल्ली उस्तादच्या खिशात असायची. आता कंपनीने नवी पद्धत आणली होती. लिफ्ट आपली तब्येत आपणच कळवणार, बिघडली तर मेकॅनिकच्या फोनवर कोड येणार, आणि कोडशिवाय कपाट उघडणार नाही. इतर कुरकुरले तेव्हा याच उस्तादने त्यांची समजूत घातली होती, की बाबांनो, काळाबरोबर चालावं लागतं.

त्याने कंपनीत फोन लावला. तिथल्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की ही लिफ्ट सुरळीत चालू दिसतेय.

"चालू आहे हो, पण दार उघडत नाहीये. माणूस आत जाणार कसा?"

"दर तासाची चाचणी पास झालीये, सर."

चाचणी म्हणजे काय, तर लिफ्ट रिकामीच खाली जाणार, रिकामीच वर येणार. दाराचं त्यात कोणी विचारलंच नव्हतं. उस्तादच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हातात हत्यारांची पिशवी, समोर स्वतः बसवलेली लिफ्ट, आणि हात लावायची सोय नाही. आपलीच मोरी आणि मुतायची चोरी.

"मी तुला खुर्चीवर बसवून खाली नेतो," तो आईला म्हणाला.

"नको. मला उचलून न्यायला चौघं लागतील तो दिवस यायचाय अजून. आणि तू एकटा त्या जिन्यावरून पडलास तर?"

त्याने पिशवीतून हातोडा काढला. कुलूप तसं तकलादूच होतं. पण मागच्याच महिन्यात एकाने असंच एक तोडलं होतं आणि कंपनीने त्याला संध्याकाळच्या आत घरी बसवलं होतं. आईनेच त्याचा हात धरला. नोकरी घालवून भेट घडवलीस तर ताई मलाच रागावेल, म्हणाली.

मग उस्तादला सुचलं. लिफ्ट बिघडल्याशिवाय दुरुस्त करता येत नाही ना, मग बिघडवू या. तो धावत खाली गेला आणि इमारतीचा मुख्य खटका पाडला. लिफ्ट जागीच मेली. कंपनीला लगेच कळलं, कोडही लगेच निघाला, आणि गेला त्याच्या जोडीच्या मेकॅनिकच्या, जाड्याच्या फोनवर. कारण उस्ताद रजेवर होता. रजा रद्द करायला साहेबांची परवानगी हवी, आणि साहेब फोन उचलेनात.

जाड्या भला माणूस, त्याने फोनवर कोड वाचून दाखवला. पण कोड ज्याचा, त्याचा फोन लिफ्टजवळ असेल तरच चालतो. जाड्या गावाच्या दुसऱ्या टोकाला होता. येतोच, म्हणाला.

आधी मावशीची गाडी आली. ती काठीवर रेलून वर बघत राहिली. आई ठेवणीतली शाल पांघरून खिडकीत उभी, दोघींच्या कानाला फोन. उस्ताद आईशेजारी होता, त्याला ऐकू येत होतं. मग मावशी म्हणाली, "गळ्याला गुंडाळ ती शाल. वारा आहे."

"हो ताई," आई म्हणाली, पण तिने हात हलवायचा चालूच ठेवला. गाडी गेली तरी तो हात वरच होता.

वरातीमागून घोडं यावं तसा जाड्या आला. कपाट उघडलं, उस्तादने पट्टा बसवला, जाड्याने खाली जाऊन खटका वर केला, दार सरकलं. एवढंसं काम होतं. संतापाने त्याला रडू येत होतं. लिफ्ट झाली, आता घरात चल, पड जरा, असं तो आईला म्हणाला. पण ती सरळ लिफ्टमध्ये शिरली आणि खालचं बटण दाबलं.

तो मागोमाग जिन्याने उतरला. आई फाटकाशी, मघाशी गाडी होती तिथे उभी होती.

"ती गेली, आई. चल वर."

"माहीत आहे मला." ती रस्त्याकडेच बघत होती. मागे तासाच्या चाचणीसाठी लिफ्ट आपणहून निघाली आणि रिकामीच वर गेली. आईने शाल सोडली आणि गळ्याभोवती नीट गुंडाळून घेतली.