आउक्येने दिलेलं रक्त

माझी थोरली बहीण आउक्ये स्वतःच्या आजारपणाबद्दल कधी बोलायची नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी तिला स्तनाचा कर्करोग झाला होता आणि त्यावरच्या औषधानेच ती मरणाच्या दारात जाऊन परतली, एवढंच आम्हाला ठाऊक. माकुम बंदराच्या धक्क्यावर माझा बोटी दुरुस्त करायचा कारखाना आहे. तिथे येऊन माझ्या रंगकामात खोट काढणं हा तिचा आवडता उद्योग.

गेल्या वर्षी माझ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, पुढे केमोच्या गोळ्या ठरल्या. डॉक्टरांकडे आउक्ये हट्टाने बरोबर आली.

डॉक्टर बाउमा तरुण, सरळ बोलणाऱ्या. "पेशीला एकाच्या दोन व्हायचं तर आधी आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते," त्यांनी सांगितलं. "त्यासाठी जो कच्चा माल लागतो, हे औषध त्याच्यासारखंच दिसतं. पेशी फसून तेच उचलते आणि तिचं काम अडतं. गाठीतल्या पेशी सारख्या वाढत असतात, म्हणून त्यांना फटका जास्त."

"म्हणजे ओकच्या लाकडाची म्हणून भुशाची फळी गळ्यात मारायची," मी म्हणालो.

"अगदी. पण तोंडातल्या, आतड्यातल्या, रक्त बनवणाऱ्या पेशीही भराभर वाढतात. त्यांनाही झळ लागते. शिवाय औषध शरीरात निकामी करणारं एक विकर काही जणांत कमी असतं. त्यांना नेहमीचा डोस विषासारखा बाधतो. म्हणून आधी रक्त तपासू."

"तपासाच," आउक्ये म्हणाली. "माझ्यात ते कमी आहे."

माझ्यातही कमीच निघालं. डोस निम्म्यावर आला.

त्या दिवशी आउक्ये कॉफी आणायला गेली, तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, "तिला नक्की काय झालं होतं?"

"तेव्हा ही तपासणी सगळ्यांची होत नव्हती. त्यांना याच औषधाचा पूर्ण डोस गेला. तोंड सोलून निघालं, पांढऱ्या पेशी संपल्या, अतिदक्षता विभागात होत्या. बऱ्या झाल्यावर त्यांनी संशोधनासाठी आपलं रक्त दिलं. मी सांगतेय ते त्यांच्या परवानगीने. अशा लोकांमुळेच आता आम्ही आधी तपासतो."

परतीच्या वाटेवर मी चिडलो. "एवढं झालं आणि तू बोलली नाहीस?"

"तू विचारलंस कधी, वित्से? बोटीपलीकडे तुला जग आहे का?"

निम्म्या डोसनेही तोंड आलं, जुलाब झाले, तळहात लालभडक होऊन सोलले. हातात रंधा धरवेना. आउक्ये रोज थंडगार कस्टर्ड आणि मलम घेऊन यायची.

"हात दे. आणि चेहरा असा करू नकोस, मी सासू नाही तुझी."

वसंतात तपासण्या झाल्या. गाठ परतलेली नव्हती. आम्ही बंदरावर तळलेला मासा घेऊन बसलो. मला चव येत होती! घास गिळून मी म्हणालो, "आउक्ये, तुझ्यामुळे."

"डॉक्टरांनी तपासलंच असतं."

"तू आणि तुझ्यासारख्यांनी रक्त दिलं, म्हणून तपासलं."

 पाण्याकडे बघत ती हळूच म्हणाली, "अतिदक्षता विभागात पडल्या पडल्या वाटायचं, वित्से, हे सगळं भोगणं फुकट चाललंय."

"आणि आता?"

"आता तू जिवंत बसून माझ्या वाट्याचाही मासा खातोयस," ती म्हणाली आणि डोळे पुसत तिने माशाचा कागद माझ्याकडे सरकवला.