गाळलेलं सूप

माझी नणंद शाळेत भूगोल शिकवते आणि घरी आली तरी शिकवायचं थांबत नाही, म्हणून आम्ही तिला मास्तरीण म्हणतो. ती आमच्या समोरच्याच दारात राहते. मध्ये चार पावलं आणि एक पायपुसणं. तिने लग्न केलं नाही, कुणाचं ऐकलं नाही, आणि पंचेचाळिशी उलटल्यावर एक दिवस लांब केसांची, चपट्या नाकाची मांजराची दोन पिल्लं घेऊन आली. सोबत वंशावळीचा कागद. त्यावर पिल्लांच्या पणजोबाचंसुद्धा नाव होतं. माझ्या नवऱ्याला स्वतःच्या पणजोबांचं नाव सांगता येत नाही, हे मी तिथल्या तिथे बोलून घेतलं.

सायीच्या रंगाची ती साय आणि करडा तो ढग्या. नावं मीच ठेवली. मास्तरणीने ठेवलेली नावं उच्चारता उच्चारता जीभ अडखळायची.

मी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरात सव्वीस वर्षं काढली आहेत. पथ्याचं जेवण माझ्याकडे असतं. कुणाला मीठ नको, कुणाला तेल नको, कुणाला दात नाहीत, कुणी दोन दिवसांनी पहिला घोट घेणार, हे सगळं मला पाठ आहे. त्यामुळे मास्तरीण दहा दिवस परगावी उत्तरपत्रिका तपासायला निघाली आणि जाताना तिने तिच्या फ्रिजवर माझ्यासाठी तक्ता चिकटवला, तेव्हा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

तक्ता तिच्या फळ्यावरच्या अक्षरात होता. दिवसातून चार वेळा, थोडं थोडं. पिशवीतलं पिल्लांचं खाणं, कोमट पाण्यात भिजवून, उथळ बशीत. दूध नाही, हाडं नाहीत, मीठ-मसाला नाही, कांदा-लसूण नाही. रोज केस विंचरणे. आणि सगळ्यात खाली दोन रेघा ओढून, ‘काही बदल करायचा असेल तर मला विचारणे.’

“अगं, मी आजाऱ्यांना जेवू घालते,” मी म्हटलं. “दोन मांजरं काय जड आहेत मला?”

“म्हणूनच तुझ्यावर सोडून चाललेय, वहिनी,” ती म्हणाली. “नाहीतर गेलेच नसते.”

पहिल्याच दिवशी मी बदल केला. बशीतलं खाणं फरशीवर सांडत होतं, म्हणून मी खोल वाट्या घेतल्या. पिल्लं वाटीत तोंड घालायची आणि नाक फेंदारून मागे यायची. इतक्या चपट्या तोंडाला वाटीचा तळ गाठता येत नाही, हे मला सुचलं नाही. मला वाटलं, त्यांना ते पिशवीतलं खाणंच आवडत नाही. वास तरी काय होता त्याला! मी मनात म्हटलं, मास्तरणीला शिकवता येतं, रांधता येत नाही.

मग मी माझं सूप केलं.

हे सूप म्हणजे माझ्या नोकरीचा कणा आहे. मोठ्या पातेल्यात कोंबडीची हाडं, गाजरं आणि सोललेले अख्खे कांदे तीन तास उकळायचे आणि दुपदरी फडक्यातून गाळायचं. खाली स्वच्छ, सोनेरी पाणी उतरतं. तेच सगळ्या खाटांवर जातं. ज्याच्या कागदावर कांदा वर्ज्य लिहिलेलं असतं त्यालाही तेच, कारण फडक्यातून गाळल्यावर कांदा उरतो कुठे? मला शिकवणाऱ्या आचाऱ्याने मला असंच शिकवलं आणि मी माझ्या हाताखालच्या तिघींनाही असंच शिकवलं. आमच्याकडे एकच वाक्य होतं, गाळलं की पथ्याचं झालं.

घरी छोट्या पातेल्यात मी तसंच केलं. मीठ घातलं नाही. हाडं फडक्यात राहिली, कांदेही फडक्यात राहिले. तक्त्यातला एकही नियम मोडला नाही, असं मी स्वतःला अगदी अभिमानाने सांगितलं. मास्तरणीला फोन करून विचारावं, हे एकदा मनात आलं होतं. पण विचारलं असतं तर तिने पंधरा मिनिटं समजावून सांगितलं असतं, आणि ते ऐकून घेण्याइतकी मी मोठ्या मनाची नाही.

वाट्या काठोकाठ भरल्या तेव्हा पिल्लांच्या जिभा पोचल्या. मग मी वाटी तिरपी धरली आणि सायीने ती चाटून पुसून लख्ख केली. सायीच्या हनुवटीचे केस ओले झाले होते, ते मी पदराने पुसले. फोटो काढून मास्तरणीला पाठवला. तिचं उत्तर आलं, ‘तू आहेस म्हणून मी इथे निवांत आहे.’ तो निरोप मी नवऱ्याला दोनदा वाचून दाखवला.

नऊ दिवस मी ते सूप घातलं. सातव्या दिवशी साय कपाटावर उडी मारायची सोडून खाली बसून राहिली. मला वाटलं, पोट भरलंय, सुस्तावलीय. आठव्या दिवशी रेतीच्या ताटात तिची लघवी काळपट तांबडी दिसली. मी रेती बदलली आणि तो विचारही रेतीबरोबर टाकून दिला. हे मला कुणी विचारलेलं नाही, मीच सांगतेय.

दहाव्या दिवशी मास्तरीण आली. ढग्या दारात धावला, साय नाही. मास्तरणीने पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. सायीला उचललं, तिचा ओठ वर करून पाहिला आणि म्हणाली, “वहिनी, चल.”

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सायीच्या हिरड्या पाहिल्या. त्या कागदासारख्या पांढऱ्या होत्या. त्यांनी रक्त काढलं, ते पाण्यासारखं पातळ आलं. “रक्तातल्या पेशी फुटताहेत,” त्या म्हणाल्या. “काही औषध पोटात गेलंय? घरातली एखादी गोळी? कांदा, लसूण? कच्चा, शिजलेला, पूड, रस, सूप, काहीही. कांद्यातलं विष पाण्यात उतरतं, ते गाळलं तरी जात नाही. मांजरांना थोडं थोडं रोज गेलं तरी पुरतं.”



मी तोंड उघडायच्या आधी मास्तरीण म्हणाली, “शक्यच नाही. वहिनीकडे होती पिल्लं. ती तक्त्याबाहेर तीळभर घालायची नाही.” वर्गात एखाद्या हुशार पोरीची बाजू घ्यावी तशी तिने माझी बाजू घेतली. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. ती हो म्हणून हलली की नाही म्हणून, मलाही ठाऊक नाही, पण त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि त्या दुसरी कारणं शोधायला लागल्या.

आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. टोपलीत ढग्या होता, त्यालाही बरोबर आणलं होतं.

“मीच केलं हे,” मास्तरीण म्हणाली. “जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना पिसवांचं औषध लावलं. वजन नीट बघितलं नसणार. किंवा ती पिशवी. मी या वेळी नवीन आणली होती, स्वस्तातली.” ती रडत नव्हती, उत्तरपत्रिकेतल्या चुका मोजाव्यात तशी एकेक आठवत होती. मी ऐकत राहिले. प्रत्येक चूक तिच्या नावावर जमा होत होती आणि मी त्या बाकावर भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसले होते. वीस मिनिटं झाली, पंचवीस झाली. मला वाटत होतं, सायीला बरं वाटलं की सांगू. बरं वाटल्यावर सांगायला सोपं जातं.

मग तिने टोपली माझ्या मांडीवर ठेवली. “याला घरी घेऊन जा,” ती म्हणाली. “आता त्या पिशवीतलं नकोच. तुझ्या हातचं काहीतरी कर. ते तुझं सूप असतं ना, रुग्णालयातलं, ते घाल. तुझा हात पथ्याचा आहे.”

“सूपच घातलं मी,” मी म्हटलं.

ती माझ्याकडे पाहत राहिली.

“कांद्याचं. गाळून. मला वाटलं गाळलं की…”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. “किती दिवस?” तिने विचारलं.

“नऊ.”

ती उठली, टोपली माझ्या मांडीवरून उचलून घेतली आणि आत गेली. दार बंद झालं. आतून मला तिचा शाळेतला आवाज ऐकू आला, स्पष्ट, एकेक शब्द सुटा.

ढग्या वाचला. तो सायीपेक्षा अंगाने मोठा होता आणि वाटीतलं निम्मं टाकायचा, म्हणून. सायीला दुसऱ्या मांजराचं रक्त दिलं, तरी तिसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. मी डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं, त्या अर्ध्या तासात मी बोलले असते तर? त्यांनी हात धूत धूत सांगितलं, “अर्ध्या तासाने काही बिघडलं नाही. नऊ दिवसांनी बिघडलं.” त्यांना मला धीर द्यायचा होता, असं मी धरून चालते.

घरी परतताना जिन्यात मास्तरीण थांबली. “दादाला सांगू नकोस,” ती म्हणाली. “जन्मभर ऐकवेल तुला. मी सांगेन, पिशवीतलं बाधलं.” खोटं सांगायचं ठरवलं तिनेच आणि ते निभावायचं तेही तिनेच, आणि मी मात्र फुकट सुटणार. मी तिला तेवढं करू दिलं.

रुग्णालयात मी आता दोन पातेली चढवते, एक बिनकांद्याचं. मुकादम विचारतो, एवढी वर्षं एकात चाललं ना? मी सांगते, चालत नव्हतं, कुणी बोललं नाही एवढंच. कांदा वर्ज्य लिहिलेल्या त्या सव्वीस वर्षांतल्या माणसांचे चेहरे आठवायचा मी प्रयत्न करते. आठवत नाहीत.

पंधरा दिवसांनी रविवारी दुपारी मास्तरीण आमच्याकडे जेवायला आली. ढग्या तिच्या पायाशी होता. त्याची उथळ बशी तिने येताना बरोबर आणली होती. मी वाढत होते. ह्यांनी एक घास घेतला आणि बहिणीला म्हणाले, “तरी तुला सांगत होतो. पिशवीतलं कसलं खायला घालतेस. हिच्या हातचं घातलं असतं तर ते पिल्लू आज इथे बसलं असतं.”

मास्तरणीने ताटातून नजर वर केली नाही. “हो, दादा,” ती म्हणाली. “चुकलंच माझं.”

माझ्या हातातला डाव पातेल्यावरच राहिला.

“माझ्याच हातचं होतं ते,” मी म्हटलं.

हे हसले. त्यांना वाटलं, नेहमीसारखं मी काहीतरी तिरकस बोलतेय. मग त्यांनी बहिणीकडे पाहिलं. ती खाली वाकून ढग्याची बशी सरळ करत होती, आणि बशी आधीपासून सरळच होती.