हा कागद आईचा

ठमीसाठी तिने आजवर इतके फॉर्म भरले होते, की पेन हातात आलं की लेकीची माहिती आपसूक कागदावर उतरायची. ठमी सात वर्षांची, ऑटिस्टिक. आजही तेच झालं. झोप: चार तास, मध्ये दोनदा उठते. जेवण: कोरडं, तेही पांढऱ्या वाटीतलंच. भीती: मिक्सरची.

विशेष मुलांच्या केंद्रातल्या समुपदेशक बाईंनी ते वाचलं आणि दुसरा छापील कागद पुढे सरकवला. "ही झाली ठमीची माहिती. हा कागद आईचा आहे. तुमची झोप, तुमचं जेवण."

"माझं काय, चाललंय," ती म्हणाली. आपण शेवटचं बसून कधी जेवलो, हे तिला खरंच आठवेना.

या केंद्राचा एक नियम होता. आठवड्यातून एकदा मूल पलीकडच्या खोलीत, आई इकडे. आणि तिकडे आभाळ कोसळलं तरी वीस मिनिटं आईने उठायचं नाही. नियम करणाऱ्याने ठमीचा आवाज ऐकलेला नसणार. आता तर ती भिंतीवर धपाधप लाथा मारत होती.

"मी जरा बघून येते."

"तिच्यापाशी दोघी शिक्षिका आहेत. तुमच्यापाशी कोण आहे?"

ती बसली. शेवटचा प्रश्न होता: गेल्या आठवड्यात स्वतःला किंवा मुलाला इजा व्हावी, असं मनात आलं का? तिने झटकन 'नाही' लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं.

परवा सिग्नलपाशी ठमीने तिच्या मनगटाला कडकडून चावा घेतला होता. लोक बघत होते. कुणी दीडशहाणा "जरा वळण लावा" म्हणाला. आणि तिने हात सोडला होता. सुटला नव्हता, सोडला होता. समोरून गाड्या येत होत्या आणि दोन क्षण तिला हलकं वाटलं होतं. तेच तिला आतून खात होतं. हे तोंडातून निघालं तर ठमीला नेतील. नाही निघालं, तर पुढच्या वेळी?

तिने 'नाही' खोडलं. कागद फाटला.

"मी तिचा हात सोडला. भर रस्त्यात. मुद्दाम."

"मग?"

"मग फ्रॉक धरून मागे ओढली."

बाईंच्या कपाळावर आठी आली नाही. "खोटं बोलणार नाही. हे मी आमच्या डॉक्टरांना सांगणार. लेक तुमच्यापासून तोडायला नाही. आज तुम्ही दोघींनीच तो रस्ता ओलांडू नये, म्हणून. कोण येईल न्यायला?"

नवरा परगावी कामावर. उरली थोरली बहीण. तिच्या प्रत्येक फोनला दोन वर्षं 'मजेत' हे एकच उत्तर ठरलेलं. उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? ठमी हट्टी आहे, एवढंच तिला सांगितलेलं. बाईंनी फोन पुढे केला.

"काय गं, कशी आहेस?" ताईने विचारलं.

जीभ सवयीने 'म'कडे वळली. पलीकडच्या खोलीत ठमीने किंकाळी फोडली.

"मी बरी नाहीये, ताई. मला माझीच भीती वाटते."

काय झालं, कसं झालं, ताईने काही विचारलं नाही. किल्ल्या उचलल्याचा आवाज आला.

"पत्ता सांग. आणि मी पोचेपर्यंत फोन ठेवू नकोस."

तिला इतकं रडू कोसळलं, की पत्ता सांगता येईना. शेवटी बाईंनीच फोन घेतला आणि सावकाश, खाणाखुणांसकट सांगितला.