रताळ्याचं गेलेलं नाव

अण्णांच्या तेराव्याच्या पंगती उठल्या, भांडी घासून झाली, राहात्याचे पाहुणे गाडीत बसून गेलेसुद्धा. पण धनश्रीनं काय सोडलं ते अजून ठरलं नव्हतं, आणि ते ठरल्याशिवाय बायडाआत्या तिला ओसरीवरून उठू देणार नव्हती. गेलेल्या माणसाच्या आवडीची एक भाजी लेकरांनी वर्षभर सोडायची, हातावर पाणी घेऊन तसं बोलायचं, अशी घरातली रीत. धाकट्या करणनं सकाळीच दोडका सोडून मोकळं होऊन घेतलं होतं. अण्णांनी दोडका कधी मागून खाल्ला नव्हता, आणि करणनं तर तो जन्मात ताटात पडू दिला नव्हता.

“त्याचं चाललं?” धनश्रीनं विचारलं.

“गडी मानसाचं चालतं,” आत्या म्हणाली. “तू रताळं सोड. माज्या दादाचा लई जीव त्याच्यावर.”

धनश्रीला नेमकं तेच सोडायचं नव्हतं. अण्णा गेले, आता चुलीतल्या आरात भाजलेल्या रताळ्याचा वासही वर्षभर नाही, आणि तेही दोडका सोडणाऱ्यांच्या पंक्तीला बसून.

“नुसतं रताळं कशाला?” करण म्हणाला. “अण्णांच्या हिशेबानं ताईला बटाटापण सोडावा लागंल. पोर्तुगीज आले, रताळ्याला म्हणाले, बाबा रे, तुझं नाव काय? ते म्हणालं, बटाटा...” ही गोष्ट सांगताना अण्णा करत तसं बोट वर करून तो बोलत होता. चुलत्या पदराआड हसल्या.

धनश्रीचं डोकं तडकलं. इतक्या दिवसांत अण्णांचं बोलणं कुणी ओठांवर आणलं नव्हतं. आणलं ते नकलेसाठी, आणि वर चुकीचं.

“असं नाहीये ते,” ती म्हणाली. “समुद्रापलीकडच्या बेटांवरचे लोक रताळ्याला बटाटा म्हणायचे. गोऱ्या दर्यावर्द्यांनी घोळ घातला, ते नाव दुसऱ्याच कंदाला चिकटलं आणि पोर्तुगीजांच्या तोंडून आपल्याकडं आलं. रताळं इथं आलं ते बिननावाचं. मग त्याला आपल्याकडच्या एका जुन्या कंदाचं नाव दिलं. रक्तालू. रक्तासारखा तांबडा, म्हणून.”

आत्यानं कपाळाला हात लावला. “बापाचीच लेक. येक शब्द इचारला की येवढं ऐकायचं. काय सोडतीस ते बोल बाई, माजी एस्टी जाईल.”

“त्यांला रताळं आवडायचं न्हाई.”

भिंतीला टेकून बसलेली आई, राहीबाई, बोलली होती. सकाळपासूनचं तिचं हे पहिलंच बोलणं.

“पोट फुगायचं त्यांचं. बोटभर तुकडा खायचे अन् तासभर त्याच्या नावाची गोष्ट सांगायचे. गोष्ट आवडायची त्यांला.”

धनश्री आईकडे बघत राहिली. लहानपणापासून अण्णा आपल्या ताटातलं रताळं तिच्यापुढं सारत, ते लाडानं असं ती धरून चालली होती.

आत्याचा जीव मात्र भांड्यात पडला. “मग झालं की. धने, ती गोष्टच सोड. वरीसभर तोंडातून काढायची न्हाई. आमचे बी कान निवतील.”

“माझं अनुमोदन,” करण म्हणाला.

धनश्रीनं तांब्या ओढला, हातावर पाणी घेतलं. “रताळं सोडलं.”

“अगं, पर ते दादाला आवडत न्हवतं म्हनती ना ही.”

“वर्षभर रताळं सोडलं,” धनश्री म्हणाली आणि पाणी ताटात सोडून दिलं.

“मी सकाळधरनं दुसरं काय सांगत हुते?” आत्या वैतागून पिशवी शोधायला उठली.

करणही उठायला लागला. धनश्रीनं त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं.

“तू कुठं निघालास? गोष्ट बेटांपासून सांगते. आता नीट ऐक.”