बाईसाहेबांचा विमा

जुन्या कंपनीचं पत्र आलं तेव्हा मी लेकीला भरवत होते. यापुढे आम्ही जनावरांचे विमे करणार नाही, आपला विमा महिनाअखेरीस संपेल, इतकी वर्षं विश्वास ठेवल्याबद्दल आभार. मी ते दुसऱ्यांदा वाचेपर्यंत लेकीने वाटी उपडी केली होती.

महिनाअखेर अकरा दिवसांवर होती.

आमच्याकडे घोडी एकच. कागदोपत्री तिला एक लांबलचक नाव आहे, पण घरात ती बाईसाहेब. नवरा लहान मुलांना घोड्यावर बसायला शिकवतो. ज्या भित्र्या मुलांना बाकीचे शिकवणारे दारातूनच परत पाठवतात, ती आमच्याकडे येतात, कारण पाठीवरचं मूल जरा कलंडलं की बाईसाहेब आपणहून थांबते. हे तिला कोणी शिकवलेलं नाही. अशी दुसरी घोडी शोधून सापडायची नाही, आणि सापडली तरी आम्हाला परवडायची नाही. तिला काही झालं तर पुढे काय, या प्रश्नावर माझ्याकडे त्या विम्याखेरीज दुसरं उत्तर नव्हतं.

"अकरा दिवस म्हणजे पुष्कळ झाले," नवरा म्हणाला. त्याला सगळंच पुष्कळ असतं.

दुसऱ्या दिवशी तो त्याच्या मित्राच्या मेव्हण्याला घेऊन आला. मेव्हणा विमा एजंट होता. बूट चकचकीत, त्यामुळे तो तबेल्याच्या दारातच उभा राहून बोलत होता.

"वहिनी, आमच्या पॉलिसीत काय नाही ते विचारा. मृत्यू, चोरी, पाय मोडणं, पोटशूळ. वीज पडली तरी पैसे."

"पोटशूळसुद्धा?"

"सुद्धा काय, पहिला तोच."

घोड्याला ओकता येत नाही. पोटात काही अडकलं की ते वर येत नाही, आणि पुढेही सरकलं नाही तर सकाळी चरणारं जनावर संध्याकाळपर्यंत राहत नाही. दोन वर्षांपूर्वी बाईसाहेबांना झाला होता तो खरा पोटशूळ. डॉक्टरांनी नाकातून नळी घातली, नवऱ्याने ती धरून ठेवली, आणि नंतर सहा तास तो तिला अंगणात गोल गोल फिरवत राहिला. मला तेव्हा सातवा महिना होता. मी पायरीवर बसून मोजत होते. काय मोजत होते ते आता आठवत नाही.

त्या दिवसापासून मी वही ठेवते. किती खाल्लं, किती पाणी प्यायली, लीद किती वेळा टाकली. लेक झाल्यावर तिचं दूध, ताप, शी वहीच्या मागच्या बाजूने लिहायला लागले. पुढून घोडी, मागून लेक. सासूबाई म्हणतात, या दोघींनी जांभई दिली तरी सूनबाईंच्या वहीत तिची नोंद होते. गेल्या काही महिन्यांत दोन्ही बाजू मधल्या पानांवर येऊन मिळाल्या होत्या.

मेव्हण्याच्या अर्जात प्रश्न होता: मागील तीन वर्षांत पोटशूळ किती वेळा? मी वही उघडली आणि मोजलं. 'पोट?' असं सतरा वेळा लिहिलेलं होतं.

मेव्हण्याने पेन खाली ठेवलं. "वहिनी, ही वही तुमच्याकडे कोणी मागितली आहे का?"

"नाही."

"मग झालं तर. शून्य लिहा."

"पण एकदा तर नक्की झालाय."

"अहो, घोडं म्हटलं की एकदा होतोच. लोकांनी आमचं काय घोडं मारलंय, जे आम्ही खोदून खोदून विचारू?"

नवरा हसला. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, अटी वाचून सांगते.

लेक झोपल्यावर वाचल्या. आठव्या पानावर बारीक अक्षरात होतं की घोडं वाचण्यासारखं नसेल आणि त्याला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवायचं असेल, तर आधी कंपनीची परवानगी हवी. परवानगीशिवाय झोपवलं तर दावा बाद.

मी मेव्हण्याला फोन केला. "अशी वेळ आली तर परवानगी कोणाकडे मागायची?"

"माझ्याकडे. मी आहे ना."

"आणि तुम्ही गावाला गेलेले असाल तर?"

"वहिनी, तुम्ही फार विचार करता."

रविवारी दुपारी मी अर्जावरच्या नंबरवर फोन लावला. चाळीस मिनिटं बासरी वाजली. मग एका मंजूळ आवाजाने सांगितलं की कार्यालय सोमवार ते शुक्रवार, दहा ते पाच सुरू असतं.

"मग बाईसाहेबांना सांगून ठेवा," सासूबाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "मरायचं तर सोमवारी, दहानंतर."

त्याच दुपारी मी आमच्या जनावरांच्या डॉक्टरांना विचारलं, कोणती कंपनी चांगली. ते म्हणाले, चांगली-वाईट मला कळत नाही. पण रविवारी घोडं तडफडत असताना मला अर्ध्या तासात परवानगी देणारी एकच भेटली. त्यांनी नंबर दिला. मी लगेच लावला. तिसऱ्या घंटीला एका बाईने उचलला. मागे भांडी वाजत होती.

"घोडं उभं आहे की आडवं?" तिने विचारलं. माझं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

"उभी आहे. खातेय. मी... रविवारी कोणी फोन उचलतं का, एवढंच बघत होते."

"उचलला. पुढे?"

पुढे मी सगळं सांगितलं. शेवटी तिने तोच प्रश्न विचारला. पोटशूळ किती वेळा?

"सतरा. म्हणजे एक. म्हणजे, मला माहीत नाही."

"वहीचे फोटो पाठवा," ती म्हणाली.

घरात त्यावरून पेटलं. नवरा आवाज चढवत नाही, तो हळू बोलायला लागला की मला भीती वाटते. "चांगल्या धडधाकट घोडीला तू स्वतःच्या हाताने आजारी ठरवणार. त्यांनी नाही म्हटलं तर? दुसऱ्या प्रत्येक अर्जात रकाना असतो, पूर्वी कोणी नाकारलं होतं का. मग तिथेही हो लिहायचं. मग आपल्याला कोण घेणार आहे?"

ते खरं होतं. पाच दिवस उरले होते. मी दुपारभर फोन हातात घेऊन बसले. मग सगळ्या पानांचे फोटो काढले आणि पाठवले, मधलं काही वगळायचं धैर्य झालं नाही म्हणून सगळीच.

दोन दिवस काही नाही. मी लेकीला भरवताना फोनकडे बघत होते, घोडीला चंदी देताना फोनकडे बघत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या बाईचा फोन आला.

"आमचे डॉक्टर विचारतायत, तुमच्या घोडीला मार्चमध्ये दात येत होते का?"

"ती माझी मुलगी."

"मला वाटलंच. चमच्याने पाणी पाजलेलं घोडं मी तरी पाहिलं नाही. बसा, एकेक बघू. चौदा तारीख, 'पोट?', रडली."

"मुलगी."

"एकोणीस. 'पोट?', खाल्लं नाही, तोंड फिरवलं."

"घोडी. नवीन गवत होतं, तिला आवडलं नव्हतं."

"सव्वीस. 'पोट?', पाय आपटत राहिली."

मी थांबले. दोघीही आपटतात. मी डोळे मिटून तो दिवस आठवायचा प्रयत्न केला, आणि मग आठवलं की तेव्हा माशा झाल्या होत्या. "घोडी. पण पोट नव्हतं."

तासभर चाललं. शेवटी सतरापैकी सहा लेकीचे निघाले. दहा वेळा घोडीला डॉक्टर लागलेच नव्हते, औषधाशिवाय दुपारपर्यंत सगळं ठीक झालं होतं. उरला एक.

"विमा देऊ," बाई म्हणाली. "पोटशूळ सोडून. वर्षभर काही झालं नाही तर पुढच्या वर्षी तोही धरू. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो खोगीर पुसत होता. "म्हणजे ज्याला तू दोन वर्षं घाबरतेयस, तेवढंच सोडून सगळं."

"हो."

"आणि मेव्हणा ते देतोय."

"शून्य लिहून."

घोडी त्याच्या नावावर आहे, सही त्याचीच. मी आणखी काही बोलले असते तर तो माझ्या भीतीशी भांडला असता. त्याने फडकं ठेवलं आणि माझ्यासमोरच मेव्हण्याला फोन लावला, मला ऐकू येईल असा.

"समजा दावा करायची वेळ आली. तुमचा माणूस आमच्या डॉक्टरांकडे चौकशी करेल ना?"

"करेल की."

"ते सांगतील, दोन वर्षांपूर्वी नळी घातली होती."

"अरे, तेव्हाचं तेव्हा बघू. आत्ता सही तर कर."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. हेच वाक्य तो मला आठवड्यातून चारदा ऐकवतो. मग म्हणाला, "नळी मी धरली होती रे. शून्य नाही लिहिता येणार मला," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याने त्या बाईच्या कंपनीच्या कागदावर सही केली. पोटशूळ वगळल्याच्या ओळीखाली वेगळी सही लागते, तीही केली. मग पेनाला टोपण लावलं.

"वर्षभरात पोटाचं काही झालं तर आपलं आपण," तो म्हणाला.

"हो."

"मग सकाळचं बघणं माझं. दुपारचं तू."

"आणि संध्याकाळी मी," सासूबाई आतून म्हणाल्या. "नाहीतरी या घरात माणसांची चौकशी कोण करतंय."

महिन्याच्या पहिल्या तारखेला तो उजाडताच तबेल्यात जाऊन आला. सगळं खाल्लंय, लीद ठीक आहे, म्हणाला. मी बरं म्हटलं. तो अंघोळीला गेल्यावर लेकीला कडेवर घेतलं आणि स्वतः जाऊन बघून आले.