धुऊन परत आलेला डबा

प्रणय आमच्या नातीला, आरुषीला बघायला रबरी चपला घालून आला आणि माझ्या मुलाच्या, रविंद्रच्या कपाळाला तिथेच आठी पडली.

"आई, बघितलंस? जँडल्स!" तो स्वयंपाकघरात येऊन माझ्या कानाशी कुजबुजला. इथे न्यूझीलंडमध्ये त्या चपलांना जँडल्स म्हणतात. "मी इस्त्रीचा शर्ट घालून बसलोय आणि हा समुद्रावर निघाल्यासारखा आलाय."

"दारात काढून आला ना? मग झालं," मी म्हटलं. "पाय स्वच्छ आहेत पोराचे."

२०१६ चा नोव्हेंबर होता. ऑकलंडला फ्लॅट बुशमध्ये आमचं नवं घर झालं होतं आणि त्या घरातला हा पहिलाच बघण्याचा कार्यक्रम. स्थळ बाळासाहेबांनी आणलं होतं. रविवारच्या बुद्धवंदनेला सगळी मंडळी जमतात ती त्यांच्यामुळेच, आणि लग्नं जुळवायची त्यांना भारी हौस. मुलगा क्राइस्टचर्चच्या हॉर्नबीत वाढलेला, वडील नाहीत, आई नीलिमा तिकडेच असते; स्थळ आलं तेव्हा तिच्याशी व्हिडिओवर एकदा बोलणं झालं होतं. तो पुलांची कामं करणारा इंजिनिअर, नोकरीसाठी ऑकलंडला येऊन अल्बनीत राहत होता. पत्रिकेचा प्रश्न आमच्यात नाहीच. पण बाळासाहेबांची एक अट होती.

"ठरेपर्यंत मुलामुलीने एकमेकांना फोन करायचे नाहीत. निरोप जाईल तो मोठ्यांच्या तोंडून."

"बाबा, आय ॲम ट्वेंटी-सिक्स," आरुषी म्हणाली. ती फार्मसिस्ट आहे, लोकांना दिवसभर औषधं समजावून सांगते.

"म्हणूनच," रविंद्र म्हणाला आणि विषय संपला.

प्रणय बोलला थोडं आणि खाल्लं भरपूर. वडे पुन्हा पुन्हा घेतले आणि "हीप्स छान झालेत, काकू," असं माझ्या सुनेला, वसुंधराला म्हणाला. हीप्स म्हणजे इकडच्या पोरांचं 'खूप'. ती लगेच विरघळली. मग दोघांना बाहेर पार्कात चालायला पाठवलं. परत आली तेव्हा आरुषीला हसू आवरेना.

"आजी, ही रॅन अवे फ्रॉम अ पुकेको!"

पुकेको म्हणजे लाल चोचीचा निळा पक्षी, तळ्याकाठी फिरत असतो. कोंबडीएवढाच.

"तो मोठा होता, आजी," प्रणय अगदी गंभीरपणे म्हणाला. "आणि माझ्यावर रागावलेला होता."

निघताना वसुंधराने त्याला रव्याचे लाडू बांधून दिले, माझं नाव कोरलेल्या स्टीलच्या डब्यात. तो गेल्यावर आरुषीने न सांगता सगळे कप विसळले, तेही गुणगुणत. ह्या घरात तिला कप विसळताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला जे कळायचं ते कळलं.

पुढचे दिवस सगळे फोनकडे बघत राहिले. रविंद्रचं म्हणणं, "मुलाकडच्यांनी आधी कळवायचं असतं. आपण कसं विचारायचं? मुलगी काय जड झालीय आपल्याला?" आणि फोन काही येईना. मधल्या काळात मेलबर्नहून दुसरं स्थळ आलं. मुलगा डॉक्टर, आईवडील हौशी, त्यांनी रविवारी विमानाने येतो म्हणून कळवलं. रविंद्रने सरळ सांगितलं, "प्रणयकडून काही आलं नाही तर आपण इकडे होकार देऊ. उगाच लटकत राहायचं नाही."

आरुषी उठून तिच्या खोलीत गेली. तिला मराठी सगळी समजते, पण मनातलं सांगायची वेळ आली की ती दोन्ही भाषांत मुकी होते.

मग शनिवारी सकाळी बाळासाहेब आले. ते भारतात निघाले होते, गाडीत सामान भरलेलं, बायको आतून हाका मारतेय. दारातूनच त्यांनी डबा वसुंधराच्या हातात दिला. "प्रणयने दिलाय. थँक्यू म्हणालाय. येतो, फ्लाइट आहे!" आणि गेले.

वसुंधराने ओट्यावर ठेवून झाकण उघडलं. आम्ही सगळे बघत होतो. डबा लख्ख होता. आरशासारखा. आत काही नव्हतं.

"रिकामा," वसुंधरा म्हणाली आणि खुर्चीवर बसली.

"साखरसुद्धा नाही?" रविंद्रने स्वतः वाकून पाहिलं. "चिमूटभरसुद्धा नाही. म्हणजे झालंच की. तोंडाने नाही म्हणायला संकोच वाटला असेल, डब्याने सांगितलं."

"व्हॉट आर यू टॉकिंग अबाउट?" आरुषी म्हणाली. "त्याने डबा वॉश केला. दॅट्स नाइस."

"अगं, डबा कुणी रिकामा परत करतं का?" वसुंधराचे डोळे भरून आले होते. "शेजारणीने वाटीभर भाजी दिली तरी वाटी परत करताना आपण दोन मिरच्या तरी ठेवतो. रिकामं भांडं परत पाठवायचं म्हणजे तुमचं आमचं संपलं. आणि तेही सोयरिकीच्या घरी!"

आरुषीचा चेहरा उतरला. "ओह," एवढंच म्हणाली.

"जाऊ दे," रविंद्र म्हणाला. "वसुंधरा, ऊठ. उद्याची मिठाई आणायची आहे." दोघं गाडी घेऊन पापाटोएटोएच्या देशी दुकानांत गेले.

शनिवारी दुपारी आरुषी मला पुस्तक वाचून दाखवते, हा आमचा जुना परिपाठ. मराठी मी वाचते, तेही रविंद्र कॉलेजात गेल्यावर शिकले. इंग्रजी काही जमलं नाही. म्हणून ती इंग्रजीतून वाचायची आणि तिच्या तोडक्यामोडक्या मराठीत सांगायची. त्या दिवसांत इंग्रजांची दोनशे वर्षांपूर्वीची एक कादंबरी चालली होती. मला ती फार आवडली होती, कारण ती सगळी आपल्यासारखीच होती. लोक एकमेकांच्या घरी जातात, चहा पितात, हवापाण्यावर बोलतात. कोण आधी कुणाकडे गेलं, कोण किती वेळ बसलं, ह्यावरून आया हिशेब मांडतात. मनातलं मात्र कुणी बोलत नाही. मुलाच्या मनात काय आहे हे त्या मुलीला सोडून सगळ्या गावाला माहीत असतं.

त्या दुपारी नायिका खिडकीत बसून होती. तिच्या मनातला माणूस गाव सोडून चालला होता आणि ती हातरुमाल चुरगाळत होती.

"मग ती त्याला विचारत का नाही?" मी म्हटलं.

"आजी, शी कान्ट. बायकांनी विचारायचं नसतं. अठराशे दहा आहे ते."

"आणि आपल्याकडे कितवं चालू आहे?"

आरुषीने पुस्तकातून मान वर केली.

"तुला तो आवडलाय की नाही?" मी विचारलं. "खरं सांग. इंग्रजीत सांगितलंस तरी चालेल."

"हीप्स," ती म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

"मग तुझी गाडी काढ."

"आजी! बाळासाहेबांनी सांगितलंय ना, फोन करायचा नाही."

"फोन कोण करतंय? आपण जातोय. पत्ता बाळासाहेबांनी रविंद्रला लिहून दिलाय, फ्रीजवर लावलाय. आणि निरोप मोठ्यांच्या तोंडून जायचा होता ना? मी काय लहान आहे?"

ती जी उठली ती किल्ली शोधायला धावली, परत आली, केस बांधले, पुन्हा सोडले. मी डब्यात शंकरपाळे भरले, शाल घेतली. मोटरवेवर ती अशी चालवत होती की मी दोन्ही हातांनी पट्टा धरून बसले होते. सगळा वेळ ती म्हणत होती, "धिस इज क्रेझी, धिस इज सो क्रेझी," आणि वेग काही कमी करत नव्हती. पूल ओलांडताना खाली शिडांच्या होड्या दिसल्या. मी मनातल्या मनात वाक्यं जुळवत होते, जणू विचारायचं मलाच होतं!

दार प्रणयनेच उघडलं. पोहायला निघाला होता, अंगात टॉग्ज, म्हणजे पोहण्याची चड्डी, आणि खांद्यावर टॉवेल. आम्हाला पाहून त्याने तो टॉवेल आधी छातीवर धरला, मग कमरेला गुंडाळला, मग म्हणाला, "जय भीम, आजी. दोन मिनिटं," आणि आत पळाला. शर्ट घालून आला तर बटणं वरखाली.

मी शंकरपाळ्यांचा डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीवर बसले. "मला आडवळणाने बोलता येत नाही. तू डबा रिकामा का पाठवलास?"

"रिकामा?" तो आरुषीकडे बघू लागला. "लाडू संपले म्हणून. परत... परत द्यायचे होते का?"

"काहीतरी घालून द्यायचं होतं!"

"काय?"

"काहीही! साखर, फळ, काहीही!"

"पण मी तो धुतला," तो कळवळून म्हणाला. "तुपाचा ओशटपणा जाईना. मग गरम पाण्यात भिजवला, पुन्हा धुतला. मला वाटलं, स्वच्छ नसला तर काकू काय म्हणतील. माझ्या फ्लॅटमेटने लाडू मागितले तर त्याला एकच दिला." त्याचा आवाज बारीक झाला. "त्याचा अर्थ काय होतो?"

"अर्थ नकार होतो," आरुषी म्हणाली. तीही मराठीत.

तेवढ्यात टेबलावर त्याचा फोन वाजला. हॉर्नबीहून नीलिमा, व्हिडिओवर. त्याने गोंधळून उचलला आणि तिला आम्हीच दिसलो.

"अगंबाई! मावशी, तुम्ही? प्रणय, हे काय चाललंय?"

मी दोन वाक्यांत सांगितलं. नीलिमाने कपाळावर हात मारला. तो आवाज क्राइस्टचर्चहून इथे स्पष्ट ऐकू आला.

"रिकामा डबा दिलास? गाढवा! पूल बांधतोस आणि एवढं कळत नाही? लहानपणी शेजारच्या सोफीच्या आईचं भांडं कोण घेऊन जायचं? त्यात मी केक घालायचे ना?"

"मला वाटायचं, तो केक सोफीसाठी असायचा!"

"मावशी, रोज विचारतोय मला, मुलीकडून काही आलं का म्हणून. मीच सांगितलं होतं, मुलीकडचे आधी कळवतील, तोवर आगाऊपणा करू नकोस, गप्प बस."

"आणि आमचा रविंद्र म्हणतोय, मुलाकडच्यांनी आधी कळवायचं."

नीलिमा आणि मी एकमेकींकडे बघत राहिलो. पण आरुषी बघत थांबली नाही. ती उभी राहिली, कानापर्यंत लाल झालेली. म्हणाली, "प्रणय, उद्या मेलबर्नहून लोक येतायत मला बघायला. मला त्यांच्याशी लग्न नाही करायचं. मला तुझ्याशी करायचंय. तुला करायचंय का?"

एवढं लांब मराठी मी तिच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं.

"हो," तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, "हो! पहिल्या दिवसापासून हो. तू त्या पुकेकोला शुक शुक केलंस ना, तेव्हापासूनच."

फोनमधून नीलिमा ओरडली, की रडली, मला सांगता येणार नाही. मी मात्र दोन्ही केलं.

"काकांना मीच सांगतो," प्रणय म्हणाला. "आत्ता येतो तुमच्याबरोबर." पुलावर पोचेपर्यंत त्यालाही दम निघेना. त्याने गाडीतूनच आरुषीच्या फोनवरून रविंद्रला फोन लावला, आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा.

"काका, मी प्रणय. मला आरुषीशी लग्न करायचंय. डब्याचं सॉरी. मला माहीत नव्हतं."

पलीकडे मिठाईच्या पिशव्या खाली ठेवल्याचा आवाज आला. मग रविंद्र म्हणाला, "आरुषी कुठे आहे?"

"गाडी चालवतेय, बाबा. माझंही हो आहे."

"आणि आई?"

"मागे बसलेय," मी म्हटलं. "मेलबर्नला फोन करून टाक, लोकांची खेप फुकट जायला नको."

मागून वसुंधराचा आवाज आला, "अहो, पण मिठाई एवढी घेऊन ठेवलीय!"

"खूप आहे का, काकू?" प्रणयने विचारलं. "मला भूक लागलीय."

वसुंधरा हसायलाच लागली, आणि तिच्या हसण्यात रविंद्रचं हसूही ऐकू आलं. मग माझ्या हातात प्रणयचा फोन आला, त्यावर नीलिमा अजून होतीच.

"मावशी, लग्न तुमच्याकडे म्हणाल तर तुमच्याकडे. पण हॉर्नबीत आमच्या इथे मोठा हॉल आहे."

"तुम्ही म्हणाल तसंच करू, बाई. पण मुलीच्या घरी लग्न व्हायची पद्धत आहे आपली."

"हो ना, तुमचंच खरं. फक्त हॉलला पार्किंग फार छान आहे."

"असेल की. आमच्या इथल्या हॉलला तर अंगणही आहे."

पुढच्या सीटवर आरुषी आणि प्रणय, दोघं एकाच वेळी बोलत होती आणि एकमेकांचं काहीही ऐकत नव्हती. मी फोन दुसऱ्या कानाला लावला आणि नीलिमाला म्हटलं, "बरं, तुमच्या हॉलमध्ये माणसं किती बसतात ते तरी सांगा."